पिठाची गोळी

अठरा प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार.
गेल्या सात दिवसांत झोप कशी होती?
गेल्या सात दिवसांत आपला कुणाला उपयोग नाही
असं किती वेळा वाटलं?
दर गुरुवारी दहा वाजता, औलूच्या दवाखान्यात
तिसऱ्या मजल्यावर मी हे विचारायचे,
आवाज सपाट ठेवून.
दोन दिवसांच्या शिबिरात पढवलं होतं आम्हाला:
मान डोलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही,
मायेनं आकडे बिघडतात.

ताइस्तो केल्लोकुंपू. कागदावर शून्य-चार-सात.
वय एकसष्ट, हयात वेल्डिंगमध्ये गेलेली.
दाराची घंटा वाजली तरी उठत नाही
एवढंच म्हणाला पहिल्या दिवशी,
आणि का, ते लिहायला तक्त्यात जागा नव्हती.
तीन. तीन. चार. तीन.
बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावलेले काटे
तसेच घेऊन बसायचा,
उठून जायचंच आहे अशा बेतानं.
फरशीवर ओरखडे अजून आहेत.

पाचव्या गुरुवारी त्यानं काटे दाराशी काढले.
आठव्या गुरुवारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा आणला,
बर्फाला भोक पाडून स्वतः धरलेला.
भेटवस्तू घेऊ नयेत, नियम अकरा.
घेतला. लोण्यात तळला.
तक्त्यात माशाचा रकाना नाही,
मी 'कामात रस' या प्रश्नापुढे
तीनाचा एक केला.

जूनमध्ये, रात्र पडायचंच विसरते तेव्हा,
मोहोरबंद लिफाफे उघडले.
शून्य-चार-सात: पिठाची गोळी.
बारा आठवडे, सकाळ-संध्याकाळ, पीठ.
खाली कंपनीचा निष्कर्ष:
दोन्ही गटांत लक्षणीय सुधारणा,
फरक नगण्य, सबब प्रयोग अयशस्वी.

तीनदा वाचलं मी.
इकडचेही बरे झाले, तिकडचेही बरे झाले,
म्हणून फसलं.

थांबा, ही पिठाची आरती नव्हे.
शून्य-तीन-एक होती ना, आउने, शाळेत गणित शिकवणारी,
तिला खरी गोळी होती,
आणि चौदा वर्षांनी पहिल्यांदा
तिनं फळ्यावर सरळ रेघ मारली.
ती सरासरीत विरघळली.
ते औषध आता कुणी बनवणार नाही.
तिचा फोन येतो. मी काय सांगू?

ताइस्तोला सांगायचं माझ्याकडे आलं.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
मग म्हणाला, कसलं पीठ? गव्हाचं की बटाट्याचं?
मी म्हटलं, बघून सांगते.
दाराशी वाकून काटे चढवता चढवता
वर न बघता विचारलं त्यानं:
आणि गुरुवार? तेही पिठाचेच?

याचं उत्तर कुठल्या परिशिष्टात असतं?
निधी संपला. खोली दुसऱ्या प्रयोगाला गेली.
सरकारी रांगेत बोलायला माणूस मिळतो,
सात महिन्यांनी, पाऊण तास.
मी नवीन तक्ता घेऊन बसते, नवीन क्रमांकांसमोर,
आणि दहा वाजता लिफ्टचं दार उघडलं
की मान आपोआप वर जाते.

काल बसथांब्यावर दिसला.
उणे एकोणीस. भुवयांवर दव गोठलेलं.
रस्त्याच्या अलीकडून मी ओरडले,
गेल्या सात दिवसांत?
त्यानं हात वर केला.
जाड लोकरी हातमोजा, एकच कप्पा आणि अंगठा,
आत किती बोटं उभी होती, दिसलं नाही.

मी मान डोलावली.
बस येईपर्यंत डोलावत राहिले.