पश्चिमेची भिंत

बाणेरच्या प्लॉटवर पाटसकरांना
पश्चिमेला पूर्ण काच हवी आहे.
"टेकडी दिसली पाहिजे, मॅडम."
दिसेल. तीन वाजेपर्यंत.
मग पडदे ओढून घ्याल
आणि एसीच्या घरघरीत
टेकडी आठवत बसाल.

मी कागदावर आधी सूर्य काढते,
मग घर.
वैशाखात तो कुठून आत शिरतो,
कुणाच्या पलंगावर बसतो,
किती वाजले तरी उठायचं नाव घेत नाही.
मग दीड हाताचा छज्जा, जाळीच्या विटा,
आणि जिना पश्चिमेला:
उन्हालाच चढू दे, उतरू दे.

साइटवरचा यंकप्पा नकाशा उलटा धरतो
आणि बरोबर वाचतो.
"वारं हिकडनं येतंय,"
ओलं बोट हवेत धरून म्हणाला,
"खिडकी दोन हात सरकवा."
सरकवली.

परवा मजुरांच्या खोल्यांपाशी थांबले.
पत्र्याला हात लावला, झटकन मागे घेतला.
आत त्याची मुलगी झोपलेली,
आमच्याच उरलेल्या शहाबादीच्या तुकड्यावर गाल,
पाय दाराबाहेर.
या खोलीचं ड्रॉइंग
कुणीच केलेलं नाही.

गोदामातला चुना, फेविकॉलचा डबा,
दोन जुने कुंचले.
ऊन कलल्यावर शिडी लावली.
पांढरं फासता फासता यंकप्पानं विचारलं,
"याचं बिल कुणाच्या नावानं?"

पाटसकरांच्या काचेतून
मी चार फूट कापलेत.
त्यांना अजून
सांगितलेलं नाही.