समक्ष

धुळ्यात, कचेरीच्या व्हरांड्यात,
जाळीच्या दाराचा एक फळा आहे.
एकवीस वर्षं त्याची किल्ली माझ्याकडे.
ज्यांना मंगलाष्टकांशिवाय लग्न करायचंय
त्यांची नावं, पत्ते, फोटो
मी तीस दिवस तिथं टाचून ठेवतो.
कोणाची हरकत असल्यास कळवावे.
हरकत असतेच.
ती जीपमधून येते, चार-पाच जणांची,
आणि काचेवर बोट ठेवून फोटो ओळखते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दोघं आली,
जागृती आणि वाल्मीक.
आडनावं सांगत नाही,
आडनावांनीच तर त्यांना माझ्या टेबलापर्यंत आणलं होतं.
तिच्या केसांत जिनिंगमधला कापूस अडकलेला.
तो 'व्यवसाय'पाशी थांबला,
मग लिहिलं : केळीच्या ट्रकवर.
तारीख तिनं सांगितली. चौदा फेब्रुवारी.
आणि फॉर्मकडे बघून हसली.

स्टॅम्पवाल्या झिपरू आप्पाला मी विचारलं,
ह्या चौदा तारखेचं नेमकं काय आहे?
चष्मा कपाळावर चढवून तो म्हणाला,
रोमचा एक राजा. त्याचा हुकूम,
शिपायांनी लग्न करायचं नाही,
घरी बायको असली की माणूस मरायला कचरतो.
एक पाद्री मात्र रात्री दिवा झाकून
लग्नं लावत राहिला.
सापडला. मरायच्या आदल्या रात्री
जेलरच्या आंधळ्या पोरीला चिठ्ठी लिहिली,
खाली सही : तुझा.

आंधळ्या पोरीनं ती वाचली कशी?
आप्पा म्हणाला, "तेच तं शे ना, भो."

पुराव्याचा कागद जोडलेला नाही.
कोणी म्हणतं, त्या सुमाराला तिकडची पाखरं जोड्या धरतात
म्हणून तो दिवस.
असेल.
आमच्या फळ्यामागं चिमणीनं काड्या भरल्यात,
तिनं तारीख कोणाला विचारलेली नाही.

त्या संध्याकाळी मी नोटीस टाचली.
कायद्यानं टाचलीच.
मग तिच्यावर, नीट,
चारी कोपऱ्यांना पिना मारून,
पांझरेच्या पुलाखालचा गाळ काढण्याचं टेंडर लावलं.

बाविसाव्या दिवशी जीप आली.
त्यांनी टेंडर पूर्ण वाचलं.
एकानं त्याचा फोटोही काढला.
साहेबांनी नंतर विचारलं, हे इथं कोणी लावलं?
वाऱ्यानं, मी म्हणालो.
जाळीच्या दाराला कुलूप होतं.
साहेब कुलपाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले
आणि चहा सांगून आत गेले.

चौदाला बाहेर कॉलेजच्या पोरांनी
पन्नास-पन्नासला गुलाब नेले.
हिनं आणलेला हार शेवंतीचा,
एसटीच्या गर्दीत निम्मा चुरगळलेला.
साक्षीदार दोनच आले,
तिसरा झिपरू आप्पा, टोपी झटकून.
साहेबांनी सही केली : माझ्या समक्ष.
शिक्का मी मारला.
शाई जरा जास्तच झाली.

घरी वरण-बट्टी होती.
सुमनला यातलं काही बोललो नाही,
बत्तीस वर्षांत आम्ही एकमेकांना
पत्र लिहावं इतके लांब कधी गेलोच नाही.
ताट सरकवताना तिला अंगठा दिसला, निळा.
पदराचं टोक ओलं करून ती घासू लागली.
"निघत नही हाई," म्हणाली,
आणि घासत राहिली.