अंगठा

गुरुवारी तांबड्या माशाचा काटा
हातमोज्यातून आरपार रुतला.
बोगुमिला म्हणाली, काही नाही.
पट्टा चालू होता.

रात्री अंगठ्याला वेगळं काळीज फुटलं.
इसाफ्योर्दुरच्या खाडीवर दुपारी तीनपासूनच अंधार;
खिडकीच्या गार काचेला अंगठा टेकवून
ती ठोके मोजत बसली.

आणि आत, तिला न विचारता,
हाडांच्या पोकळीत जन्मलेल्या पांढऱ्या पेशी
शिरेच्या भिंतीला चिकटत, रेंगाळत,
विटांच्या फटीतून मुंगीनं निसटावं
तशा अंग चोरून बाहेर पडत होत्या.
डोळे नाहीत. नुसत्या वासावर चालायचं.
भेटेल तो जंतू गिळायचा,
त्याच्यासकट मरायचं.
आयुष्य एका रात्रपाळीचं,
फार तर दोन.

शनिवारी शेजारच्या हाल्दोरानं
(चाळीस वर्षं नर्स, आता फक्त मांजरांची)
लायटरवर सुई तापवली.
पिवळा, दाट थेंब वर आला.
बोगुमिलानं तोंड फिरवलं.
"घाण नाही गं ती," म्हातारी म्हणाली,
परक्या पोरीला कळावं म्हणून सावकाश,
"मेल्यात बिचाऱ्या. कामावरच."

कापसाचा बोळा बोगुमिलानं
लगेच टाकला नाही.
किती असतील? कोण मोजणार.
त्यांची हजेरी कुठल्या वहीत?

काटा मात्र शेवटपर्यंत सापडला नाही.

सोमवारी नवा हातमोजा, तोच पट्टा.
मधल्या सुट्टीत कॉफीचा कप तिनं
चार बोटांनीच धरला,
अंगठा जरा बाजूला ठेवून,
झोपलेल्या कुणाला
धक्का लागू नये तसा.