पाटीची मागची बाजू

बोरा बाजारात माझं दुकान,
म्हणजे जिन्याखालची साडेतीन फूट जागा,
छिन्नी, हातोडी, ॲसिडची बाटली.
पितळेवर लोकांची नावं कोरतो.
पैसे अक्षरावर,
म्हणून राणे हसत येतात
आणि कोल्हटकर घासाघीस करतात.

माझगावहून एक म्हातारा आला, डेरिक थॉर्नटन.
गोदीत क्रेन चालवायचा.
जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला,
अकराव्या मजल्यावर दार मिळालंय,
दाराला नाव हवंय.
"मराठीत कोर. पोस्टमन नवीन आहे,"
म्हणाला मराठीतच,
माझ्याहून जुन्या, ग्रीस लागलेल्या मराठीत.

थॉ लिहिला, त्यावर चंद्र,
पुढे पेन्सिल अडली.
न अर्धा घ्यायचा की पुरता?
"मला काय ठाऊक?
रेशन कार्डावर थोरात आहे.
तीस वर्षं थोरात म्हणून रॉकेल आणलं."

हसून झाल्यावर विचारलं, अर्थ काय हो याचा?
म्हणाला, थॉर्न म्हणजे काटा.
आणि टन म्हणजे वजन नव्हे रे,
जुन्या इंग्रजीत कुंपण.
कुंपणात घर आलं, घराला शेजार आला,
मग त्या कुंपणालाच लोक गाव म्हणू लागले.
"तुमची वाडी काय वेगळी?
वई घातली की वाडी."

म्हटलं, म्हणजे तुम्ही बाभूळवाडीकर.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"कर कशाला पण?"
आमच्यात लागतो, मी म्हणालो.
नुसतं गाव अंगावर कसं राहील?
बटण नको?

कुठलं थॉर्नटन तुमचं?
"ढीगभर आहेत म्हणे तिकडे.
मी एकही पाहिलं नाही.
आजासुद्धा मद्रासचा."

मी बोरगावकर.
बोरगावंही काही कमी नाहीत.
आमचं कोणतं, हे वडिलांना विचारायचं राहिलं.
डिसेंबरात बोरं घेतो पावशेर,
आंबट निघाली की वाटतं,
ही आपल्याकडची नसावीत.
बायको माहेरची नेरूरकर.
ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं
आणि एका सकाळीत तिचं गाव बदललं,
एसटीचं तिकीटसुद्धा न काढता.

हे त्याला सांगितलं.
तो बराच वेळ पितळेवर बोट फिरवत बसला.
मग म्हणाला,
गावात असेपर्यंत कोण हाक मारतं गावाच्या नावानं?
तिथं सगळेच तिथले.
वेशीबाहेर पडलं की कुणीतरी विचारतं, कुठला रे तू?
एकदाच दिलेलं उत्तर,
ते नातवंडांना चिकटतं.

मला माझा बाप आठवला,
मिलच्या फाटकावर, हजेरीवाल्यासमोर,
वय वर्षं सोळा.
तेव्हा तो काय बोलला असेल
तेच मी रोज दुकानाच्या पावतीवर छापतो.

थॉर्नटन मी पुरत्या न ने संपवलं,
चार अक्षरं, त्याचे पैसे झाले.
तो उठला, जिन्याच्या कठड्याला धरून थांबला.
"ऐक. मागच्या बाजूला ते दुसरं पण कोर."
कोणतं?
"बाभळीचं. बटणासकट."

अहो, मागची बाजू भिंतीला लागणार,
कोण वाचणार?
"पोस्टमनला पुढची पुरे आहे."

सात अक्षरं.
हातोडी हलकी ठेवली,
ठोका पुढच्या बाजूला उमटू नये म्हणून.
पैसे मागितले नाहीत,
त्यानंही विचारलं नाही, फक्त स्क्रू मोजून घेतले.

जाताना मीच राहवेना म्हणून बोललो,
नवी भिंत आहे साहेब, ओल धरेल,
मागून पितळेवर हिरवं चढेल.

"चढू दे," म्हणाला.
"गाव आहे ते.
थोडं हिरवं असलेलं बरं."