चाळीस अस्वलं

फैजपूरच्या बसस्टँडमागं, केळीच्या वखारीला लागून
आमची खोली. मे महिना. पत्रा असा तापतो
की मशीनचं तेल पातळ होऊन
टेबलाच्या पायाकडे ओघळत जातं.
चाळीस टेडी हवेत, म्हणाले नेहेतेभाऊ, सावद्याच्या दुकानासाठी,
आणि चाळीसही एकाच आईची दिसली पाहिजेत.

मी मशीनवर. फरचं कापड उलटं धरून
हात, पाय, कान, डोक्याच्या तीन फाका.
अठरा नंबरची सुई, तरी दोन मोडल्या.
मोटार बसवल्यापासून माझा पाय
नुसता दाबण्यापुरता उरलाय.
टीप मात्र अशी सरळ
की ठिबकची नळी लाजावी.

हुरमत खाली, चटईवर. तडव्यांची, पालच्या अंगाची.
अंगुस्तान नाही; बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
हातभर दोरा. टाका पुढं जातो, अर्धा मागं येतो,
काहीतरी विसरलं म्हणून
उंबऱ्यावरून परत फिरावं तसा.
दिवसाला तिची तीन होतात. माझी अकरा.
मजुरी नगावर आहे.
हे आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही.

दुपारी लाईट गेली. मशीन अर्ध्या कानात थांबलं.
तिचा हात चालूच, दाराच्या उजेडाकडे सरकत सरकत.
मी पदरानं वारा घेत बसले, तर म्हणाली,
"मशीनले रिकामंच शिवता येतं, बाई."

आता यात खोटं काय?
जिनिंगचा कापूस भरला, पोट फुगलं,
की ते सुईखाली जातच नाही.
माझी अकराही संध्याकाळी तिच्याकडेच जातात,
पाठ उघडी, कापूस बाहेर डोकावतोय.
ती दोन्ही काठांतून आतल्या आत टाके घेते,
टोक ओढते
आणि पाठ मिटते.
कुठून शिवलं ते मला बोटानं चाचपूनही सापडत नाही.

अस्वल पाहिलंय का गं तू, मी विचारलं, असंच.
पाहिलंय म्हणाली. मोहाखाली.
फुलं खाऊन डुलत होतं म्हाताऱ्यासारखं.
बापानं तोंडावर हात दाबून झाडामागं धरलं होतं मला,
त्याच्या तळहाताला बिडीचा वास.
अस्वलाच्या छातीवर पांढरं होतं, असं.
तिनं हवेत सुईनंच कोर काढली.
"तुमच्या या पोरांले ते नाहीच."

तीन दिवसांनी नेहेतेभाऊ माल बघायला आले
तेव्हा मलाही पहिल्यांदाच दिसलं:
तेवीस छात्यांवर पांढऱ्या दोऱ्याची कोर.
एक जाड, एक तिरकी, एक पार बगलेपर्यंत गेलेली.
नेहेतेभाऊंनी चष्मा वर केला.
"हे काय? दूध सांडलं?
गिऱ्हाईकाला टेडी पाहिजे, जंगल नाही. उसवा."

उसवायचं काम माझ्याकडे आलं.
अर्धं ब्लेड, बोटांत धरून, तिच्यासमोर.
मशीनची टीप असती तर सर्रकन निघाली असती;
हिचा प्रत्येक टाका वेगळा कापावा लागला.
ती काही बोलली नाही. मानही वर केली नाही.
माझ्या मांडीवरचे पांढरे तुकडे मात्र वेचत राहिली
आणि पुढच्या अस्वलाच्या पोटात
कापसाआड ठोसत गेली.

रात्री खोकी बांधली. नग मोजून पैसे मिळाले,
तेवीस नगांवर रुपया कापून.
तो मी माझ्यातून द्यायला हवा होता. दिला नाही.

एक गोष्ट मी नेहेतेभाऊंना सांगितली नाही.
उसवलं तरी तिथली फर उठत नाही.
ब्रश मारला, वाफ दिली, उलटी झटकली.
समोरून बघितलं तर काही नाही,
पण दिवा बाजूला धरला
की छातीवर कोर आहे.

सावद्याला एकदा जाऊन यायचंय.
दुकानाच्या काचेमागं उजेड
कोणत्या बाजूनं येतो, बघायचंय.