अपवाद

दोन जीबी रॅम म्हणजे
कन्नमवार नगरातली आमची खोली.
पाहुणा आत आला
की घरातल्या कोणाला तरी उठून गॅलरीत जावं लागतं.

कॉम्प्युटरचं बटण दाबून मी कुकर लावते.
तीन शिट्ट्या होतात, डाळ घोटून होते,
तेव्हा कुठे पडद्यावर
एकेक चिन्ह उगवतं,
उंबऱ्याशी चपला काढत रेंगाळल्यासारखं.

निहार म्हणाला, आत्या, अँटिव्हायरस नाही?
दार सताड उघडं टाकून झोपतेस?
त्याच्याकडे चार नावं होती, चारही फुकट.
फुकट ते पौष्टिक, हे आमच्या घराण्याचं ब्रीद,
म्हणून मी एकदम दोन घातली,
एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला,
असं आपलं माझ्या मनात.

ते दोघं एकमेकांनाच चोर समजले.
टेबलाखाली पंखा रात्रभर घोंगावला.
माउस हलवला की बाण निघायचा
आणि मी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवेपर्यंत
वाटेतच कुठेतरी असायचा.
कुंपणानंच शेत खाल्लं.
'श्री गजानन प्रसन्न' उमटायला अडीच मिनिटं.
देवालासुद्धा इतकं ताटकळत ठेवू नये.

एकाला काढलं. जाताना त्यानं विचारलं,
आम्हाला का सोडताय? कारण निवडा.
इतक्या काकुळतीनं मला
आजवर कोणी विचारलं नव्हतं.
दुसऱ्यालाही काढलं, त्यानं काहीच विचारलं नाही,
त्याचंच थोडं वाईट वाटलं.

तिसरा तासातासाला दार वाजवायचा:
तुम्ही सुरक्षित नाही, फक्त नऊशे नव्व्याण्णव रुपयांत...
फिल्टर विकायला येतो ना तो मुलगा,
ग्लासात दोन तारा बुडवून
आपल्याच नळाचं पाणी पिवळं करून दाखवणारा,
तसा.

शेवटी लॅमिंग्टन रोडला मुकादमना फोन केला.
हे खोकं त्यांनीच जोडून दिलेलं, अकरा वर्षं झाली.
म्हणाले, ताई, जो कमी बोलतो तो ठेवा.
आपल्याला राखण हवी, जेवायला माणूस नको.

म्हणून हा चौथा. अंगानं बारीक, कोपऱ्यात एक हिरवी खूण.
बुधवारी दुपारी त्याला म्हटलं, बघ बाबा सगळं घर.
तो फोल्डरमागून फोल्डर उघडत गेला.
बारशी, साखरपुडे, वास्तुशांत, दशक्रिया,
अख्ख्या कॉलनीची माणसं
त्यानं न वाचता मोजली.
आणि थांबला.

धोका आढळला: एक.
फाइलचं नाव: धुरी.
प्रकाशक: अज्ञात.

लालबागचा छापखाना बंद झाला तेव्हा
टाइपाचं शिसं किलोवर गेलं.
आम्ही अकरा कंपोझिटर घरी बसलो.
धुरी मात्र भाच्याच्या मशीनवर सहा महिने खपला,
आणि केसमधल्या खणांच्या जागा
बोटांना जशा पाठ होत्या तशा
कीबोर्डवर आणून ठेवल्या.
'क' मधोमध. 'ळ' डाव्या अंगाला, खाली.
एक फ्लॉपी प्रत्येकीला, प्रत्येकाला.
पैसे? म्हणाला, वडापाव घाल.
त्याच 'ळ'वर माझं घर चाललं,
निहारची फीसुद्धा.

धुरी अज्ञात!

खाली बारीक अक्षरात कारण होतं:
ही फाइल तुमची प्रत्येक कळ वाचते.

वाचायचाच तो.

चौथ्याचा काही दोष नाही.
नवा वॉचमन जुन्या माणसांना अडवतोच,
त्याला कोण सांगणार, कोण कोणाचं कोण.
तीन पर्याय होते: काढून टाका, वेगळी ठेवा, अपवाद करा.
बाण निघाला, त्याच्या चालीनं पोचला.
मी दाबलं.

सावर्डेकरांची पत्रिका पाचपर्यंत द्यायची होती.
मुहूर्त बारा एकोणचाळीस.
'चि. सौ. कां.' टाइप केलं
आणि अनुस्वार उमटेपर्यंत
बोट कळेवर तसंच ठेवून बसले.