खूण

बोरा बाजारात, जिना चढून उजवीकडे,
हुसेनीभाईंनी ती जुन्या मखमलीतून काढली
आणि आधीच सांगून टाकलं,
"हिच्यात मोटर नाही, बाई. हातानं फिरवावी लागेल."
म्हटलं, अठ्ठावीस वर्षं तेच तर केलं.
गोदीच्या दवाखान्यात, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये,
आधी जाडी चक्री, मग बारीक,
काचपट्टीवरच्या रक्तात
मलेरियाची अंगठी स्वच्छ दिसेपर्यंत.

तीनशे मिलिमीटर. वजन लोणच्याच्या भरल्या बरणीएवढं.
आत कडेला बुरशीचं जाळं,
ओळखीचं माणूस भेटावं तसं मी त्याच्याकडे पाहिलं.
भाचीने दिलेला कॅमेरा नवा, बिनआरशाचा;
दोघांच्या मधे एक काळं कडं, त्यात काच नाही, तार नाही,
नुसती अठ्ठावीस मिलिमीटर हवा, बाराशे रुपयांना.
तरी कॅमेरा म्हणतो, लेन्स लावलेली नाही.
मेनूत खोल कुठेतरी शिरून त्याला समजवावं लागतं:
नसू दे. तू बघ.

फोकसच्या कड्यावर, शंभर फूट आणि अनंत यांच्या मधे,
लाल नेलपॉलिशचा ठिपका.
"दुबाशसाहेबांचा," हुसेनीभाई म्हणाले.
"रेसकोर्सवर फोटो काढायचे.
शेवटच्या खांबावर लावून ठेवायचे नि चहा पीत बसायचे.
घोडा कुठला पण असो, तिथूनच जाणार ना?"

पहिले दोन रविवार शिवडीच्या धक्क्यावर
मी कुरवांच्या मागे धावले; म्हणजे बोटं धावली.
कडं अर्धा वळसा फिरेस्तोवर पक्षी उरणला पोचलेला.
जे नेमकं दिसतं त्याच्या कडेला पडद्यावर लाल रेघ उमटते.
ती उमटली तिवरांवर, माहुलच्या चिमणीवर,
एका गंजक्या बार्जच्या नावातल्या अर्ध्या अक्षरावर.
होडीच्या फटीत कापूस ठोकणारा मिस्त्री
मधूनच हातोडी थांबवून विचारायचा,
"गेला?"
"गेला."

तिसऱ्या रविवारी कडं ठिपक्यावर आणलं
आणि हात काढून घेतला.
चिखलावर कुठेतरी हवेचा एक पापुद्रा उभा राहिला,
झाकणकाचेसारखा.
त्याच्या अलीकडचं सगळं धूसर, पलीकडचंही.
भरती चढत होती. तुतवार मागे सरत होते,
एकेक करून, पण पापुद्र्यापर्यंत कुणी येईना.
मान आखडली. थर्मासमधला चहा संपला.
शेवटी आला तो मिस्त्री,
बार्जवरून परतत, पोटरीभर चिखलात,
डांबराचा डबा डोक्यावर तोलत.
आधी नुसता एक डाग. मग लाल रेघ
त्याच्या डब्याच्या कानावर, मनगटावर,
भुवईवर चिकटलेल्या कापसाच्या एका तंतूवर.
मोजून पाच पावलं तो माझ्या काचेत होता.
पाचव्याला त्याने मान वर केली,
विचारलं असणार तेच, कारण ओठ तसे हलले,
आणि सहाव्याला विरघळला.

घरी येऊन पाहिलं. फोटोच्या खाली कॅमेऱ्याने लिहिलंय:
लेन्स, रेघ. छिद्र, रेघ. लांबी, शून्य.
बाकी सगळं आहे. तंतूसुद्धा आहे.

दुबाशसाहेबांचा ठिपका झिजत आलाय.
काल नाक्यावरून नेलपॉलिशची बाटली आणली,
बांगड्यांच्या दुकानात, तीस रुपयांची, तोच लाल.
लॅबमध्ये झाकणकाचा बंद करायला हीच लागायची,
डझनाने मागवायचो. नखांना मात्र मनाई होती.
ठिपका देऊन झाला.
बुरूश अजून ओला आहे.
डावा हात पसरून बसलेय टेबलावर,
आधी करंगळी करून बघते.